होय, मी झाडे तोडा म्हणतो!

गेल्या स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माळावरची निम्मी झाडे काढून टाका." त्या दिवसापासून गावात माझे नाव कुऱ्हाडगुरुजी पडले आहे. परवा चकली खाता खाता पुतण्याने विचारले, "काका, यंदा अंगणातली तुळसही विरळ करायची का?" विनोद बरा होता, मीही हसलो. परंतु ज्या मास्तराने तीस वर्षे पोरांकडून 'झाडे लावा, झाडे जगवा' असे घोकून घेतले, त्याला उतारवयात हे काय सुचले, ते वाचकहो, एकदा सांगून टाकणे बरे.

आमचा माळ बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचा. वीतभर मातीखाली मुरूम. बीड जिल्ह्यात पाऊस पडलाच तर वर्षाकाठी सहा-सातशे मिलिमीटर, आणि तोही स्वतःच्या मर्जीने. २०१८ साली सरकारने १३ कोटी झाडांचा संकल्प सोडला, पुढच्या वर्षी ३३ कोटींचा. आम्हीही कंबर कसली. कडुलिंब, करंज, चिंच, गिरिपुष्प, हाती लागेल ते रोप तीन-तीन फुटांवर टोचले. कोणीतरी जपानच्या मियावाकींचे नाव घेतले. त्यांच्या घनवनात हेक्टरी तीस हजार रोपे मावतात म्हणे! मावतात, खरे आहे. पण ते आधी जमीन खोल भुसभुशीत करतात, खत घालतात, दोन-तीन वर्षे पाणी देतात. आम्ही त्यांच्यापासून दाटी तेवढी घेतली.

आज तिथे जाऊन पाहा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठ्या, आणि शेंड्याला पानांचा झुबका. प्रत्येक झाड शेजाऱ्याच्या डोक्यावरून ऊन शोधते आहे आणि मुळांनी शेजाऱ्याच्या तोंडचे पाणी ओढते आहे. लांबून मात्र हिरवेगार दिसते. फोटो छान येतो.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. १९९५ साली मी वीस गुंठ्यांत सहा फुटांवर साग लावला, सहाशे झाडे. त्या वर्षांत सागाचे वेड गावोगाव शिरले होते. वीस वर्षांत लखपती होण्याचे हिशेब कागदावर मांडून दाखवणारे पुष्कळ होते. वनखात्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी पाचव्या वर्षी येऊन सांगितले, "गुरुजी, एक आड एक झाड काढा. दहाव्या वर्षी पुन्हा काढा." सागाला ऊन लागते, सावलीत तो खंगतो, हे त्यांनी समजावून दिले. मला ते पटले होते, हीच तर गंमत! कुऱ्हाड घेऊन गेलो आणि तशीच घेऊन परत आलो. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे, हात चालेना. आमच्या मातोश्रींनी तर त्या दिवशी देवाला साखर ठेवली.

मग २०१६ चा उन्हाळा आला. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. माझ्या सहाशे सागांपैकी निम्म्याहून अधिक उभ्या जागी वाळले. त्यात किडके वाळले तसे चांगलेही वाळले, कारण घोटभर पाणी सगळ्यांत वाटले जाऊन कोणालाच पुरले नाही. उरलेल्यांना मोकळे केले, पण उशीर झाला होता. आधाराने वाढलेली बारीक खोडे पुढच्या वळवाच्या वाऱ्यात कमानीसारखी वाकली. एकवीस वर्षांच्या त्या झाडांची मी कुंपणाची खुंटे केली.

शेतावर बाजरीच्या विरळणीला येणाऱ्या एक मावशी आहेत. पेरणीनंतर पंधरवड्यात त्या खुरपे घेऊन बसतात आणि तासात नुसता दणका उडवतात. जोमदार रोप ठेवायचे, बाकीचे उपटायचे. विचारायचे काम नाही. माळावरच्या झाडांचा विषय काढला तर म्हणाल्या, "गुर्जी, ती बाजरी हाय. झाडाला जीव असतो." मी म्हटले, "मावशी, बाजरीला नसतो?" त्या उत्तरल्या नाहीत. पण खुरपेही थांबले नाही!

हिमालयातल्या चिडाच्या रानात काय किंवा दूर युरोपातल्या पाइनच्या वनात काय, कोवळी झाडे वेळीच विरळ करणे हे वनपालाचे रोजचे काम आहे. १८६४ साली ब्रँडिस नावाचा जर्मन गृहस्थ हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला मुख्य झाला, म्हणजे हे शास्त्र आपल्याकडेही कालचे नव्हे.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी डोक्यावर घेतो. ते म्हणतात, विरळणीच्या नावाखाली ठेकेदार घुसेल. घुसेलच! त्याला जाड खोड हवे असते. तो उत्तम झाड नेईल आणि रोगट मागे ठेवील. ही विरळणी नव्हे, ही लूट. म्हणून माझी अट आहे: आधी राखायची झाडे ठरवा, मग परवानगी काढा, आणि निघालेला पाला-फाटा गावाच्या चुलीला जाऊ द्या. सागासारख्या झाडांना तर १९६४ च्या कायद्याने परवानगी लागतेच.

२०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपद वडाला दिले. मला ती कल्पना फार आवडली. आमच्या माळावर तीन फुटांत कोंबलेला वड त्या खुर्चीवर कधी बसेल का, एवढेच मी माझ्या टीकाकारांना विचारतो.

गेल्या महिन्यात मी माळावरच्या निवडक झाडांना चुन्याचे पट्टे ओढले. आठवड्याने पाहतो तो कोणी तरुणांनी ते खरडून काढलेले. त्यांना वाटले, पट्टा म्हणजे तोडायची खूण! अहो, ती राखायची खूण होती. पाडव्याला पुन्हा चुना कालवणार आहे. यंदा त्या पोरांनाच बादली धरायला बोलावले आहे. दोघे येतो म्हणाले आहेत.