ही समता कोणासाठी?

इतिहास शिकविताना आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे टिपणे लिहून दिली, विद्यार्थ्यांनी ती पाठ केली आणि गुणही मिळविले. परंतु असा इतिहास उत्तरपत्रिकेबरोबरच संपतो, हे आम्ही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

फ्रेंच राज्यक्रांतीचेच पाहा. २६ ऑगस्ट १७८९ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही क्रांतीची देणगी, एवढे लिहिले की गुण मिळतात. मात्र वर्गात एकच प्रश्न ठेवावा : ही समता कोणासाठी? उत्तर शोधताना जाहीरनाम्याशेजारी फ्रेंच वसाहतींचा १६८५ चा गुलामविषयक कायदा ठेवावा लागतो. त्यात माणूस जंगम मालमत्ता ठरविला होता. कॅरिबियन समुद्रातील सां-दोमिंग, म्हणजे आजच्या हैती येथे, तेव्हा सुमारे पाच लाख गुलाम ऊस-कॉफीच्या मळ्यांत राबत होते. जाहीरनाम्याने त्यांच्या बेड्या तुटल्या नाहीत. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनीच उठाव केला. १७९४ मध्ये फ्रान्सला वसाहतींतील गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने ती १८०२ मध्ये परत आणली, तरी १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. पुढे १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात पंधरा कोटी फ्रँक भरपाई मागितली, आणि ती पूर्वीच्या मळेमालकांसाठी!

हे कागद शेजारी ठेवले की विद्यार्थी आपोआप विचारू लागतो : हे कोणी लिहिले? केव्हा? कोणासाठी? कोणाचा आवाज यात नाही? संशोधनाची पहिली पायरी हीच. ज्यांचे पूर्वज लिखित इतिहासाबाहेर ठेवले गेले, त्यांच्या मुलांना तर हे प्रश्न शिकविण्याचीही गरज पडू नये.

बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले की, ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली. हे वाक्यही आपण भिंतीवर लिहून थांबू नये. विद्यार्थ्याने मूळ भाषण वाचावे, त्रिपिटकात आधार शोधावा, मग स्वीकारावे. परंपरेने आले म्हणून मानू नका, हा कालामांना दिलेला उपदेश आपल्याच घरचा आहे. पडताळणीने श्रद्धा उणावत नाही. ती समंजस होते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला एक प्रश्न निवडावा, निदान दोन साधने पडताळावीत आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहावा. माजी विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाला ग्रंथ द्यावेत, जमल्यास मुलांसोबत बसून ते वाचावेत. आणि पालकांनी मुलाला किती गुण मिळाले हे विचारण्याआधी, त्याने कोणता प्रश्न विचारला, हे विचारावे.

जय भीम!