पाच महिन्यांचे पोप



आज आधी माझी एक चूक सांगते, मग गोष्ट सांगते.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. नाव नाही सांगत हं! शांत, सरळ, अक्षर मोत्यासारखं. जूनमध्ये मी त्याला वर्गाचा मॉनिटर केलं. पण झालं काय, गडबड करणाऱ्यांची नावं तो फळ्यावर लिही, आणि कुणी ‘पुस ना रे’ म्हटलं की लगेच पुसून टाकी. कुणाला ‘नाही’ म्हणणं त्याला जमेचना! वर्गात रोज भांडणं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो टेबलाजवळ आला आणि हळूच म्हणाला, “बाई, मला नको मॉनिटर. माझ्याच्यानं नाही होत.”

मी सगळ्यांसमोर म्हटलं, “भित्रा कुठला! पळतोस होय?” वर्ग हसला. तो खाली मान घालून जागेवर गेला.

त्या रात्री मला एका म्हाताऱ्या साधूची आठवण झाली आणि झोपच लागेना. ऐका तर त्यांची गोष्ट.

आपल्या राहात्याच्या आसपास ख्रिस्ती वस्ती बरीच आहे. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तुमच्यातले कितीतरी जण गेलेही असतील. या कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे सगळ्यांत मोठे धर्मगुरू म्हणजे पोप. पोप वारले की कार्डिनल नावाचे वरिष्ठ धर्मगुरू एकत्र बसून नवा पोप निवडतात. 2025 च्या मे महिन्यात धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि नवे पोप ठरले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल.

आता जरा मागे जाऊ या. 1290 साली आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. त्याच काळात तिकडे इटलीत मोरोने नावाच्या डोंगरावर पिएत्रो नावाचे एक साधू गुहेत राहत होते. गरीब शेतकऱ्याच्या बारा भावंडांतले ते अकरावे. वडील लहानपणीच गेले. पुढे पिएत्रो साधू झाले. उपास, प्रार्थना आणि एकांत, एवढंच त्यांना हवं असे. पण लोक त्यांना शोधत डोंगर चढून येत.

1292 च्या एप्रिलमध्ये पोप निकोलस चौथे वारले. कार्डिनल होते जेमतेम डझनभर, पण त्यांचं एकमत होईना! एक वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, तरी पोपची गादी रिकामीच. तेव्हा पिएत्रोंनी त्यांना खडसावणारं पत्र धाडलं, की असाच उशीर कराल तर देवाचा कोप होईल. पत्र ऐकून एक वृद्ध कार्डिनल म्हणाले, मग यांनाच पोप करू या! आणि 5 जुलै 1294 रोजी तसं ठरलंसुद्धा. पिएत्रो तेव्हा ऐंशीच्या घरात होते.

ते गाढवावर बसून लाक्विला गावी आले. गाढवाचा लगाम धरायला कोण होतं, ठाऊक आहे? नेपल्सचा राजा आणि त्याचा मुलगा! 29 ऑगस्टला पिएत्रोंच्या डोक्यावर मुकुट चढला. नाव मिळालं सेलेस्टाइन पाचवे.

पण पोपचं काम म्हणजे मोठा कारभार. हिशेब, नेमणुका, राजांची भांडणं! तो सगळा लॅटिन भाषेत चाले आणि ती तर यांना फारशी येत नव्हती. राजाने त्यांना आपल्याजवळ नेपल्सला नेलं आणि आपल्या सोयीची माणसं नेमून घेतली. जो मागेल त्याला हे ‘हो’ म्हणत. एकच पद दोघादोघांना दिलं जाऊ लागलं! राजाच्या किल्ल्यात त्यांनी स्वतःसाठी लाकडाची लहानशी कोठडी करून घेतली आणि तिच्यात प्रार्थना करत बसले. बाहेर गोंधळ वाढतच गेला.

मग त्यांनी काय केलं? रात्री गुपचूप पळाले? नाही. पोपला पद सोडता येतं का, हे त्यांनी जाणकारांना विचारलं. सोडता येतं, असा नियम लेखी केला. लवकर एकमत व्हावं म्हणून कार्डिनलांना कोंडून निवडणूक घ्यायची, हा मधे बंद पडलेला नियमही पुन्हा सुरू केला. आणि 13 डिसेंबर 1294 रोजी सगळ्या कार्डिनलांसमोर कारणं वाचून दाखवली: शरीर थकलंय, ज्ञान कमी पडतंय, मन शांतीसाठी तळमळतंय. मग पोपची वस्त्रं उतरवून ठेवली. जेमतेम सव्वापाच महिने ते पोप होते. अकरा दिवसांत नवे पोप निवडले गेले, बोनिफेस आठवे.

पिएत्रोंना परत डोंगरावर जायचं होतं. पण लोक पुन्हा त्यांनाच पोप मानतील, अशी बोनिफेसना भीती वाटली. पिएत्रो निसटले, समुद्रापार जायला निघाले, पण वादळाने नाव परत किनाऱ्याला आणली आणि ते सापडले. फुमोनेच्या किल्ल्यात त्यांना ठेवण्यात आलं आणि 19 मे 1296 रोजी तिथेच ते वारले. त्याच वर्षी इकडे आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली.

काहींनी पिएत्रोंना भित्रं ठरवलं. पण 1313 साली चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केलं. पुढे 2009 साली लाक्विलात मोठा भूकंप झाला. त्यानंतर पोप बेनेडिक्ट सोळावे तिथे गेले आणि त्यांनी आपल्या खांद्यावरची लोकरी पट्टी पिएत्रोंच्या समाधीवर ठेवली. चार वर्षांनी, 2013 मध्ये, बेनेडिक्टनी स्वतःही पद सोडलं!

मुलांनो, गणित अवघड वाटलं म्हणून वही मिटणं निराळं बरं का! ते पळणंच. पण मनापासून करून पाहिलं, आपल्यामुळे इतरांचं नुकसान होतंय हे दिसलं, आणि समोर उभं राहून तसं सांगितलं, तर त्याला पळणं कसं म्हणायचं? पिएत्रोंची चूक झालीच असेल तर ती ‘नाही’ म्हणायला उशीर करण्याची. माझा विद्यार्थी तर त्यांच्यापेक्षा सत्तर वर्षांनी लहान!

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. आता मॉनिटर एक मुलगी आहे, चांगली खमकी! आणि तो वाचनपेटी सांभाळतो. एक पुस्तक हरवलेलं नाही.

पालकहो, तुमचं मूल कधी ‘मला हे जमत नाही’ म्हणत आलं, तर रागवण्याआधी त्याला जवळ बसवून एवढंच विचारा, “काय काय करून पाहिलंस?” मी ते विचारलं नव्हतं.

तुमच्या बाई