किड्याचं औषध, डॉल्फिनचं रक्त

शिरूर-दौंडकडे डाळिंबाच्या खोडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली भुसा दिसला, की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. हा शॉट होल बोरर. गंमत म्हणजे हा भुंगेरा लाकूड खात नाही. खोडात बोगदे पोखरून तिथे बुरशी वाढवतो आणि ती खातो. झाड मात्र वाळतं. मग गेरूच्या लेपात क्लोरपायरीफॉस कालवून खोडाला फासतात, पुष्कळदा उघड्या हातांनी. हटकलं तर उत्तर ठरलेलं, ‘डॉक्टर, किड्याचं औषध आहे, माणसाला काय होतंय?’

या प्रश्नावर मी डॉल्फिनचं उदाहरण देतो. शरीरात क्लोरपायरीफॉसचं रूपांतर ऑक्झोनमध्ये होतं. खरं विष ते. नसांचे निरोप वेळेवर थांबवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते बंद पाडतं. किड्यात आणि माणसात ही यंत्रणा सारखीच आहे. मात्र आपल्या रक्तातलं पॉन-१ नावाचं दुसरं विकर ऑक्झोन मोडतं. किड्याकडे ते नाही. आणि डॉल्फिनकडेही नाही! डॉल्फिन, देवमासे, मॅनेटी यांचे पूर्वज जमिनीवरून समुद्रात गेले आणि पुढे हे जनुक निकामी झालं, असं पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. शेळ्या-मेंढ्यांच्या रक्ताने ऑक्झोन मोडलं, समुद्री सस्तन प्राण्यांच्या रक्ताला ते जमलं नाही. म्हणजे या विषापुढे आपल्यासारखाच सस्तन असलेला डॉल्फिन खोडकिड्याच्या रांगेत जाऊन बसला.

आपलं पॉन-१ शाबूत आहे, पण त्याची ताकद माणसामाणसांत कित्येक पटींनी बदलते. तान्ह्या बाळात ते फारच कमी असतं, आणि बाळाची झोळी बांधलेली असते बागेच्या बांधावर. शिवाय डोस मोठा असला तर कोणाचंच विकर पुरत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते धडधाकट माणसं होती.

माझी तक्रार ‘औषध’ या शब्दाबद्दलही आहे. दुकानदार, सल्लागार, घरचे सगळे ‘औषध’च म्हणतात. मग रिकाम्या बाटलीत गोडेतेल भरलं जातं. युरोपीय संघाने क्लोरपायरीफॉसची मान्यता २०२० मध्ये संपवली. आपल्याकडे ते विकायचंच असेल, तर निदान पावतीवर मराठीत ‘विष’ लिहा आणि हातमोजे त्याच पिशवीत द्या.

काम करताना लाळ सुटली, दरदरून घाम आला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, छाती भरली, तर कपडे उतरवा आणि अंग साबणाने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. थेट सरकारी दवाखान्यात आणा, ॲट्रोपिन तिथे मिळतं. आणि बाटली बरोबर घ्या; आत काय होतं हे लेबलवरून कळलं, की आमचा निम्मा वेळ वाचतो.