शिकागोच्या आईबापांवरचा खोटा आरोप

अमेरिकेच्या शहरांतली कृष्णवर्णीय मुले शिक्षणात मागे का, याचे उत्तर एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच देऊन टाकले. सरकारने पैसा ओतला, न्यायालयांनी दारे उघडली, पण आईबापांनाच शिक्षणाची चाड नाही, असा त्यांचा निकाल.

चाड नाही? २२ ऑक्टोबर १९६३ रोजी शिकागोतली सुमारे दोन लाख मुले शाळेत गेली नाहीत. आईबापांनीच त्यांना पाठवले नव्हते. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या शाळा इतक्या खच्चून भरलेल्या, की काही ठिकाणी दोन पाळ्यांत वर्ग चालत. गोऱ्या वस्त्यांत बाके रिकामी. मुलांना तिकडे धाडण्याऐवजी शिक्षणखात्याने शाळांच्या आवारात फिरत्या खोल्या आणून ठेवल्या. त्या दिवशीही अनेक मुलांचे वर्ग चर्चमध्ये भरले. बहिष्कार शाळेवर होता, शिकण्यावर नव्हता!

पन्नास वर्षांनी त्याच शहराने पटसंख्येचे कारण सांगून सुमारे ५० शाळा बंद केल्या. झळ बसली ती बहुतांशी कृष्णवर्णीय मुलांना. पटसंख्येच्या या सबबीशी माझे भांडण जुने आहे. आधी शाळेची आबाळ करायची, मुले गळाली की आकडे दाखवायचे. शिकागोतलेच डायट हायस्कूलही असेच टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. २०१५ मध्ये त्यासाठी पालक, आज्या आणि कार्यकर्ते मिळून बारा जण उपोषणाला बसले. चौतीस दिवस! वस्तीतल्या कोणत्याही मुलाला प्रवेश देणारी शाळा हवी, हे मागणे; तिचा आराखडाही त्यांनी मांडला. पुढच्या वर्षी शाळा उघडली. त्यांचा आराखडा नाकारला गेला, पण प्रवेश खुला राहिला. पोटाला चिमटा घेऊन शाळा मागणाऱ्यांना बेपर्वा म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे.

पैशाचे म्हणाल, तर अमेरिकेतल्या शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ताकरातून येतो, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना बँकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरकर्जे नाकारली; घरांच्या किमती दबल्या, की करही आटतो. दारांचे म्हणाल, तर १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच उपनगरांना गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करण्याच्या योजनेतून मोकळे केले.

मग करायचे काय? शाळेचा पैसा घरांच्या किमतीपासून तोडा. वस्तीतली शाळा वस्तीला विचारल्याशिवाय बंद करू नका.

आणि त्या गृहस्थांनी आपला आरोप जाहीरपणे मागे घ्यावा.