दिलजमाई की राजीनामा?

काही वर्षांपूर्वी धारच्या एका मराठी घरात एका संध्याकाळी चूल पेटली नाही. घरातल्या वृद्ध आईने आमच्या भागातल्या एका छोट्या मराठी पत्रिकेत वाचले, की तिचा मुलगा आणि त्याची संस्था यांच्यात ‘राजीनामा झाला’. मुलगा शिक्षक. संस्थेशी त्याचा वाद वर्षभर चाललेला. आईने ताडले, की पोराची नोकरी गेली. घडले होते नेमके उलटे! वाद मिटला होता आणि मुलगा सन्मानाने कामावर परतला होता.

भाषांतर करणारा तरुण माझाच माजी विद्यार्थी. तेव्हा थोडा दोष माझ्याही पदरी येतोच. मी त्याला बोलावून विचारले. मूळ इंग्रजी मथळ्यात दोन्ही पक्षांनी कुऱ्हाड पुरल्याचे म्हटले होते. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी तह करताना शस्त्रे जमिनीत पुरत, त्यावरून हा वाक्प्रचार आला, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने इंग्रजी-हिंदी कोश उघडला. तेथे ‘समझौता, राजीनामा’ असे दोन शब्द होते. दुसरा मराठी वाटला, म्हणून तो उचलला. हिंदी कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे तडजोड. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरीवर पाणी! ‘दिलजमाई’ हा शब्द त्याच्या आजीला ठाऊक होता. पण आजीला कोण विचारतो?

हे सांगितले की आमची विद्वान मंडळी म्हणतात, “सर, अर्थ कळला म्हणजे झाले.” माझा सवाल सरळ आहे. कोणाला कळला? धारच्या त्या आईला?

वृत्तपत्राची इंग्रजी ही पाठ्यपुस्तकाची इंग्रजी नव्हे. ती शिकारीच्या रानातून, क्रिकेटच्या मैदानातून, शेअरबाजाराच्या गल्लीतून शब्द उचलते. संसदेतला ‘व्हिप’ घ्या. कोल्ह्याच्या शिकारीत कुत्र्यांचा कळप पांगू नये म्हणून चाबूक घेऊन फिरणारा जो माणूस, त्याच्यावरून हा शब्द आला. मराठीने त्याचा ‘प्रतोद’ केला, म्हणजे हातातला चाबूक धरला. हिंदीने ‘सचेतक’ केला, म्हणजे त्याचे काम धरले. दोन्ही शब्द टिकले, कारण करणाऱ्यांना मूळ चित्र माहीत होते. ‘लाल फीत’ जशीच्या तशी चालली, कारण ती फीत आपल्याही कचेऱ्यांतल्या कागदांना बांधलेली होती.

आता ‘लंगडे बदक’ पाहा. अमेरिकेत नवा अध्यक्ष नोव्हेंबरात निवडला जातो आणि २० जानेवारीला सूत्रे घेतो. मधल्या दिवसांत खुर्चीवर असलेल्या मावळत्या अध्यक्षाला हे नाव देतात. अठराव्या शतकात लंडनच्या शेअरबाजारात देणे न फेडू शकणाऱ्याला असे म्हणत. मराठी वाचकासमोर हे बदक आणून सोडले, तर तो त्याचे काय करणार? ‘औट घटका उरलेला अध्यक्ष’ म्हणा, आमच्या घरातले पोरही समजेल.

आणि हे संकट दूरच्या अमेरिकेपुरते नाही. आमच्या देवासचेच घ्या. इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली इथे तुकोजीराव पवार (तिसरे) महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्यावर त्याने ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध केले. त्याविषयीच्या एका इंग्रजी लेखाचे भाषांतर मी दहावीच्या मुलांना दिले. एका हुशार मुलीने लिहिले, ‘फॉर्स्टर देवासच्या वरिष्ठ शाखेत नोकरीस होते.’ नोटांचा छापखाना असलेल्या या गावात शाखा म्हटले की बँकच आठवणार! तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंनी देवास वाटून घेतले, म्हणून ‘थोरली पाती’ आणि ‘धाकटी पाती’. पाती म्हणजे वाटा. इंग्रजांनी त्याचे ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ केले. आपलाच शब्द विलायतेला जाऊन परत आला, आणि आपल्याच लेकीला तो ओळखू आला नाही. याची मला लाज वाटते.

मराठी माणसाला हे काम जमत नाही, असे कोणी म्हणू नये. काशीच्या ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर मराठी घरातले. ‘मुद्रास्फीति’सारखे शब्द हिंदीत रुजवल्याचे श्रेय त्यांना देतात. (आपण त्याला ‘चलनवाढ’ म्हणतो.) इंदूरच्या ‘नई दुनिया’चे राहुल बारपुते मराठीच. परक्या अंगणात आपल्या माणसांनी झाडे लावली. घरची तुळस मात्र आपण सुकू देतो आहोत.

आता तर मोबाइलवर बोट ठेवले की भाषांतर तयार. दमलेल्या संपादकाला ते सोयीचे वाटते, हे मी समजू शकतो. पण त्या यंत्राने कुऱ्हाड पुरली की राजीनामा दिला, हे तपासायला मराठी जाणणारा माणूसच लागतो. तो आपण घरात तयार करतो आहोत काय?

म्हणून या दोन जिल्ह्यांतल्या आईबापांना माझे मागणे आहे. पोरांना इंग्रजी वृत्तपत्र अवश्य द्या. त्यातला चमत्कारिक शब्द कोठून आला, हे शोधायला लावा. ‘संशोधन’, ‘आपत्ती’, ‘शिक्षा’, ‘राजीनामा’ हे शब्द हिंदीत एक सांगतात आणि मराठीत दुसरेच, हे त्यांना जेवतानाच शिकवा. शाळेची वाट पाहू नका. आणि केलेले भाषांतर छापायला देण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. त्या माणसाने कपाळाला आठी घातली, तर कागद परत घ्या. धारला तसे झाले असते, तर त्या संध्याकाळी एक आई उपाशी झोपली नसती.