एका हदीससाठी महिन्याची वाट

पैगंबर महंमदांच्या सहवासात राहिलेल्या अनुयायांना ‘सहाबी’ म्हणतात आणि पैगंबरांच्या उक्ती व कृती यांचे जे कथन त्यांनी पुढील पिढ्यांच्या हाती दिले, त्यास ‘हदीस’. मदिनेचे जाबिर इब्न अब्दुल्ला हे अशा निवेदकांपैकी अग्रगण्य होत. परंपरेने त्यांच्या नावावर १५४० हदीस मोजल्या जातात. परंतु वाचकहो, या संख्येपेक्षा त्यांची सचोटीच अधिक मोलाची आहे.

इ. स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत जाबिरांचे वडील अब्दुल्ला कामी आले. तरुण मुलाच्या वाट्यास वारसा आला तो कर्जाचा आणि धाकट्या बहिणींचा. जाबिरांनी विवाह केला तो पूर्वी संसार केलेल्या स्त्रीशी. पैगंबरांनी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले की, बहिणींची वेणीफणी करणारी, त्यांना सांभाळणारी कोणी घरात हवी. त्यांच्यासारखीच आणखी एक मुलगी आणून काय करावयाचे?

कर्ज खजुरांनी फेडावयाचे होते. बागेचे उत्पन्न अपुरे दिसत होते आणि सावकार सूट देण्यास राजी नव्हते. तेव्हा पैगंबर स्वतः येऊन खजुरांच्या ढिगापाशी बसले आणि माप घालण्यास त्यांनी सांगितले. सर्वांचे देणे फिटून खजूर उरलेही, असे जाबिर सांगत.

पैगंबरांच्या निधनानंतर जाबिरांच्या कानी आले की, अखेरच्या निवाड्याविषयीची एक हदीस शाम देशात राहणाऱ्या अब्दुल्ला इब्न उनैस यांनी प्रत्यक्ष ऐकलेली आहे. ऐकीव शब्दांवर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी उंट विकत घेतला, त्यावर खोगीर चढविले आणि महिनाभर प्रवास करून ते दाराशी उभे राहिले. इब्न उनैस लगबगीने बाहेर आले. दोघांनी एकमेकांना आलिंगन दिले. ती हदीस ऐकण्यापूर्वी दोघांपैकी कोणास मृत्यू गाठील, अशी आपणांस भीती वाटली, असे जाबिरांनी सांगितले.

तिचा आशय असा : त्या दिवशी माणसे रिक्तहस्त उभी राहतील. स्वर्गास पात्र ठरलेल्यानेही कोणाचे देणे ठेवले असेल, तर ते फिटेपर्यंत त्यास प्रवेश नाही. मग ते देणे एका चपराकीचे का असेना! रिक्तहस्त माणूस ते फेडणार कशाने? आपल्या सत्कृत्यांनी आणि दुष्कृत्यांनी.

पित्याचे देणे मापामापाने चुकविणाऱ्या पुत्राला याच हदीसची ओढ लागावी, हे किती स्वाभाविक आहे! पुढे इमाम बुखारी यांनी आपल्या संग्रहातील ज्ञानविषयक प्रकरणात या प्रवासाची नोंद केली. उतारवयात जाबिरांची दृष्टी गेली, तरी ज्ञानदान थांबले नाही. इ. स. ६९७ च्या सुमारास ते निवर्तले.

ऐकलेली गोष्ट पुढे सांगणे सोपे असते. ती मूळ सांगणाऱ्याच्या दारी जाऊन पडताळणे, हेही सत्याचे एक देणेच आहे. ते आपण कितीदा फेडतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.