अग्निशामकांचा आवाज आणि कामगार चळवळ : भिलाईचा अनुभव

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. संप, वाटाघाटी आणि संघटनांची मान्यता यांविषयीच्या तरतुदींवर बरीच चर्चा झाली. मात्र धोका दिसताच काम थांबविण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला. छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याचा अनुभव पाहता हाच प्रश्न कामगार चळवळीच्या केंद्रस्थानी असावयास हवा.

९ ऑक्टोबर २०१८ रोजी या कारखान्यात कोक भट्टी विभागातील वायुवाहिनीवर देखभालीचे काम सुरू असताना स्फोट झाला. त्यात दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये कारखान्याच्या अग्निशमन विभागाचे कर्मचारीही होते. त्यापूर्वी १२ जून २०१४ रोजी विषारी वायूच्या गळतीने दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांसह सहा जणांचे प्राण घेतले होते. वायूने अधिकारी, कामगार आणि अग्निशामक असा भेद केला नाही.

ज्वलनशील वायूच्या वाहिनीवर काम करताना खबरदारी म्हणून अग्निशमन पथक जागेवर ठेवण्याची पद्धत आहे. धोक्याचे सर्वांत जवळून दर्शन या पथकालाच घडते. तरीही उत्पादनाचे वेळापत्रक आणि कामाची परवानगी यांचा निर्णय अन्यत्र होतो. ही दरी भरून काढण्याचे साधन म्हणजे संघटना होय.

ब्रिटनमधील अग्निशामकांची संघटना १९१८ मध्ये स्थापन झाली. १९७७-७८ च्या हिवाळ्यात तिने देशव्यापी संप पुकारला, तेव्हा आग विझविण्यासाठी सरकारने लष्कराला पाचारण केले. सुमारे नऊ आठवडे चाललेल्या या संपाच्या अखेरीस अग्निशामकांचे वेतन अन्य कामगारांच्या वेतनाशी जोडणारे सूत्र मान्य झाले. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधील आगीत ७२ जणांचा मृत्यू झाल्यानंतर इमारतींच्या सुरक्षेचा प्रश्नही याच संघटनेने लावून धरला. वेतनासाठी उभी राहिलेली संघटना सार्वजनिक सुरक्षेचा आवाज कशी होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

भारतातील परिस्थिती निराळी आहे. अनेक सार्वजनिक उपक्रमांत अग्निशमनाची जबाबदारी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. १९७९ मध्ये बोकारो येथे या दलातील असंतोष मोडून काढण्यासाठी लष्कराचा वापर करण्यात आला. १९८३ मध्ये दलाला सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला आणि त्यातील जवानांच्या संघटनास्वातंत्र्यावर निर्बंध आले. जेथे अग्निशमन विभाग कारखान्याचा स्वतःचा आहे, तेथे संख्येने थोड्या असलेल्या या कर्मचाऱ्यांना मोठ्या संघटनांच्या आधारानेच बोलावे लागते. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटीकर्ती ठरते. त्यामुळे लहान गटांचे प्रश्न मागणीपत्रात तळाशी जाण्याची शक्यता वाढते.

सुरक्षाविषयक संहितेने कामगाराला गंभीर धोका मालकाच्या आणि निरीक्षकाच्या निदर्शनास आणून देण्याचा हक्क दिला आहे. परंतु धोका खरोखर आहे की नाही, हे प्रथम मालक ठरवितो आणि मतभेद झाल्यास निरीक्षकाचा निर्णय अंतिम मानला जातो. भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसापाशी तेवढा वेळ असतोच असे नाही.

या संदर्भात शंकर गुहा नियोगी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. एकेकाळी ते भिलाईच्या कोक भट्टीतच कामगार होते. १९७७ मध्ये दल्ली राजहरा येथील कंत्राटी खाणकामगारांना त्यांनी संघटित केले. या कामगारांच्या बळावर १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभे राहिले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी तेथेच आंदोलक कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेकांचा बळी गेला. कामगाराचे आरोग्य आणि जीवित हा वेतनाइतकाच संघटनेचा विषय आहे, ही नियोगींची भूमिका होती.

आज कारखान्यांत कंत्राटी कामगारांचा वाटा मोठा आहे. नोकरी जाण्याच्या भीतीने धोक्याविषयी बोलणे त्यांना सर्वांत कठीण जाते. कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि अग्निशामक यांना सुरक्षा समित्यांमध्ये एकत्र स्थान मिळवून देणे आणि काम थांबविण्याचा अधिकार वाटाघाटींच्या मेजावर आणणे, हे संघटनांपुढील तातडीचे कार्य आहे. दुर्घटनेनंतर मिळणाऱ्या नुकसानभरपाईपेक्षा दुर्घटनेपूर्वी दिलेल्या इशाऱ्याला अधिक मोल मिळाले, तरच भिलाईच्या अनुभवातून काही शिकलो असे म्हणता येईल.